दीड दिवसाचा बेत

गाडी शनिवारी पहाटे पाचला. परतीची रविवारी दुपारी.
म्हणजे हातात दीड दिवस, त्यातून झोप वजा,
चितारओळीतल्या मावशीकडचं जेवण वजा.
ते टळत नाही. रश्शानं पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं
तरच मान राखला, असं तिचं मत.

विजेच्या बिलामागे लिहायला घेतलं.
एक : झिरो माइल. चार घोडे नि एक खांब.
दोन : किल्ला.
खोडला. किल्ला वर्षातून तीनच दिवस उघडतो,
डिसेंबरात त्यातला एकही पडत नाही.
"खालूनच बघू, गुणवंतदादा," कुमुद फोनवर,
"किला तो किला आहे, पळून थोडा जाईल?"

कुमुद भोपाळची. साठी उलटली, इथे कधी आलेली नाही.
तिचा बाप, माझा धाकटा काका,
सचिवालयात फायलींना दोऱ्या बांधायचा.
छप्पन साली राजधानी गेली.
अशी जाते राजधानी :
टाइपरायटर, कपाटं, शिक्क्यांची पेटी, भिंतीवरचं घड्याळ,
आणि लग्न व्हायची राहिलेले कारकून,
सगळं गाडीत घालून उत्तरेला.
शहर मात्र जागच्या जागी.
दुसऱ्या दिवशी बाजारात संत्री आली,
आदल्या दिवशीच्याच भावानं.

आता वर्षातून एकदा ती माहेरपणाला येते,
मुंबईहून, काही दिवसांसाठी,
रस्त्यांना दोर बांधून, शिट्ट्या वाजवत.
नेमकी त्यातच कुमुद यायची.
लॉज भरलेले. ऑटोवाला आधीच सांगून मोकळा :
"सिव्हिल लाइन्सले नाही येत बाप्पा, मोर्चा हाये."
म्हणून तीन : विधानभवन, लांबून.
चार : हायकोर्टाचा घुमट, त्याहून लांबून.
पाच : अजब बंगला, दीड तास, गुडघे साथ देतील तर.
सहा : दीक्षाभूमी, उन्हं कलल्यावर.

सहावर ती थांबली.
"बाबा तिथे होते," म्हणाली, "त्या ऑक्टोबरमध्ये.
पाहायला गेले होते नुसते.
इतकी माणसं, इतके पांढरे कपडे,
की सायकल हातात धरून चालावं लागलं.
येताना एका म्हातारीला मागे बसवलं,
तिच्या बोचक्यासकट,
आणि चाक वाकलं."

मग म्हणाली, "एक कागद आहे. पाठवू?"

फोटो आला. पावती.
मागचं चाक, सहा तारा, घंटी नवी.
आगाऊ आठ आणे.
बाकी एक रुपया चार आणे.
तारीख सतरा ऑक्टोबर.
खाली गांधीबागेतल्या दुकानाचा शिक्का, अर्धाच उमटलेला.
पुढे बदलीचा हुकूम आला, मग गाडी.
सायकल आणायला कोणी गेलंच नाही.

काल मी जाऊन आलो.
तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात.
गल्ल्यावरच्या पोरानं फोटो मोठा केला,
लहान केला, पुन्हा मोठा केला.
"अक्षर आमच्या आजोबाचंच हाये.
पाय काढून 'क' लिहायचे ते."
वर माळ्याकडे पाहिलं त्यानं. मीही पाहिलं.
पुठ्ठ्याचे खोके, एक बंद पडलेला कूलर.
"सायकल तर नसंल, काका.
पण बाकी राहिली हाये ना?
ते घेऊन या म्हना त्याइले. हिशोब तं हिशोब असते."
हे म्हणताना तो हसला नाही,
त्यामुळे मलाही हसता आलं नाही.

रात्री बिलाची मागची बाजू संपली होती.
कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान फाडून
बेत नव्यानं लिहिला :

एक रुपया, खिशात वेगळा.
चार आण्याचं नाणं कुठं मिळतं
ते इतवारीत विचारून ठेवणे.
कुमुदला सांगणे, मूळ पावती आणायची, घडी न मोडता.
मावशीला सांगणे, तिखट कमी. (ऐकणार नाही.)
वेळ उरलाच,
तर नागपूर.